लॉस भरून निघाला तरी थांबता आलं नाही

मी ट्रेडिंग बंद केलंय असं कळलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, किती गेले? गेले, बऱ्यापैकी गेले, पण मी मदत मागायला गेलो ते पैसे गेल्यामुळे नाही, उलट परत आल्यामुळे. ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअर बाजाराच्या चढ-उतारावर लावायच्या मुदतीच्या सौद्यांमध्ये, पडल्यापासून माझं मनाशी एकच ठरलेलं होतं की एकदा का सगळा लॉस रिकव्हर झाला, खातं बरोबरीत आलं, की अ‍ॅप डिलीट आणि विषय संपला. आणि एका एक्सपायरीच्या, म्हणजे सौद्याची मुदत संपायच्या, दिवशी खरंच तसं झालं. बाजार एका बाजूला सुसाट सुटला, माझी पोझिशन (चालू सौदा) नेमकी त्याच बाजूची, आणि बघता बघता मागचा सगळा खड्डा भरून वर थोडे शिल्लक. पोझिशन कापली, आकडा हिरवा. आता हुश्श वाटेल म्हणून मी त्या आकड्याकडे बघत बसलो तर काहीच वाटेना, आनंद नाही, सुटलो असं नाही, नुसती चुळबुळ, आणि बाजार बंद व्हायला अजून वेळ होता. बंद होईपर्यंत त्यातले बरेचसे परत घालून झाले होते.

त्या रात्री पहिल्यांदा टरकलो. लॉसच्या रात्री मी कधी घाबरलो नव्हतो, लॉसच्या रात्री डोकं उद्याचा प्लॅन करत असतं. पण "रिकव्हर झालं की थांबणार" हे जे मी बायकोला, ताईला आणि मुख्य म्हणजे स्वतःला सांगत आलो होतो ते खोटं निघालं, म्हणजे मला थांबायचं होतं तो पॉइंट येऊन गेला आणि मी त्याच्या पुढे निघून गेलो. मग हे चाललंय कशासाठी, याचं उत्तरच नव्हतं माझ्याकडे.

थोडं मागचं सांगतो. मी पत्ते कधी पैसे लावून खेळलो नाही, दारू नाही, तंबाखू नाही. त्यामुळे व्यसन हा शब्द आपल्याला लागू असेल हे डोक्यातच येत नाही. त्यात ट्रेडिंगला एक इज्जत आहे ना. चार्ट बघतोय म्हणजे पोरगा अभ्यास करतोय. बातम्या बघतोय म्हणजे जगाची माहिती ठेवतोय. रात्रभर मोबाईलवर गेम खेळणाऱ्याला घरचे हटकतात तरी, मला कोणी हटकलं नाही. सकाळी बाजार उघडायच्या आधीपासून फोन हातात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन, बाथरूममध्ये फोन, आणि ब्राइटनेस एकदम खाली केलेला म्हणजे शेजारच्याला लाल दिसतंय की हिरवं हे कळू नये. बाजार बंद झाला की क्रूड म्हणजे कच्चं तेल, क्रूड बंद झालं की दुसऱ्या देशातले इंडेक्स, आणि शनिवार-रविवारी क्रिप्टो कारण ते कधी बंदच होत नाही. ज्या सुट्टीला हातात काहीच नसायचं त्या दिवशी मी घरात सगळ्यांवर वसवस करायचो, डोकं दुखतंय म्हणायचो. खरं तर काही दुखत नव्हतं.

लॉट, म्हणजे सौद्याचे ठरलेले गठ्ठे, वाढत गेले ते कधी कळलं नाही. आधी एका लॉटमध्ये छातीत धडधडायचं, मग एका लॉटमध्ये कंटाळा यायला लागला. स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या तोट्याला सौदा आपोआप कापणारी ऑर्डर, लावायचा आणि भाव जवळ आला की काढून टाकायचा, ज्यांनी केलंय त्यांना हे बरोबर कळेल. पडत्या पोझिशनमध्ये आणखी घेत जाऊन अ‍ॅव्हरेज करायचं. प्रॉफिटच्या दिवसाचे स्क्रीनशॉट बायकोला पाठवायचे, लॉसच्या दिवशी "आज काही केलंच नाही". मग पर्सनल लोन, मग ते फेडायला दुसरं, मित्राकडून उसने, कारण दरवेळी वेगळं.

मदत शोधायला सरळ गेलो वगैरे काही नाही हं. झोप येत नाही म्हणून फॅमिली डॉक्टरकडे गेलो, तेही बायकोने ढकललं म्हणून. त्यांनी बीपी बघितला, आणि मग सहज विचारलं की रात्री जागून करता काय. मी म्हटलं बाजार बघतो. ते थांबले आणि म्हणाले, एकदा मानसोपचार तज्ज्ञांना भेटून या, चिठ्ठी देतो. त्याच्या आधी मी एका काउन्सेलरकडे स्वतःहून एकदा जाऊन आलो होतो, तिथे मला ब्रेक घ्या, प्राणायाम करा, आणि थोडं शिस्तीत ट्रेडिंग करा असं सांगितलं होतं. शिस्तीत! मी खूश होऊन बाहेर पडलो, परवानगीच मिळाली. म्हणून सांगतो, ज्यांच्याकडे जाल त्यांना आधीच विचारा की तुम्ही व्यसनाच्या केसेस बघता का, जुगाराच्या बघितल्यात का. चांगला माणूस असणं आणि या विषयातला माणूस असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ज्या मॅडमकडे शेवटी गेलो त्यांनी पहिल्या दिवशी जुगार हा शब्दच काढला नाही. नुसते प्रश्न. पूर्वीइतकीच मजा यायला आता जास्त रक्कम लावावी लागते का? कमी करायचं किंवा बंद करायचं ठरवून जमलं नाही असं होतं का? बंद असतं तेव्हा चिडचिड, अस्वस्थपणा? दुसरं काम करताना डोक्यात तेच चालू? मन खट्टू असलं की तिकडे वळता का? हरलेले काढायला दुसऱ्या दिवशी परत जाता का? घरी खोटं बोलता का? नोकरी, नातं, शिक्षण यातलं काही यापायी धोक्यात आलंय का? आणि पैशांची अडचण सोडवायला दुसऱ्यांच्या भरवशावर राहावं लागलंय का? मी सुरुवातीला उत्तरं देताना "हो पण" म्हणत होतो, हो पण ते हेजिंगसाठी, म्हणजे दुसरा तोटा झाकायला, हो पण तेव्हा बाजारच तसा होता. नंतर नंतर नुसतं हो. मग त्यांनी सांगितलं की हे डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकातले गॅम्बलिंग डिसऑर्डरचे, म्हणजे जुगाराच्या आजाराचे, नऊ निकष आहेत, वर्षभराच्या काळात चार जरी जुळले तरी निदान होतं, सहा-सात म्हणजे मध्यम, आठ-नऊ म्हणजे गंभीर. माझं एकच नाही होतं, नोकरीचं, आणि ते सुद्धा बॉसला अजून पत्ता लागला नव्हता म्हणून.

मी वाद घातला. म्हटलं मॅडम हे जुगाराचं झालं, मी ट्रेडर आहे. त्या म्हणाल्या, "तुमचा मेंदू तुमचं व्हिजिटिंग कार्ड बघत नाही." बऱ्याच खमक्या आहेत त्या. मग त्यांनी समजावलं की २०१३ साली डीएसएम-५ आलं तेव्हा जुगाराला आवेगांच्या आजारांतून काढून दारू-ड्रग्जच्याच प्रकरणात बसवलं, कारण मेंदूत जे घडतं आणि माणूस जसा वागतो ते फार सारखं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, जुगाराबरोबर गेमिंग डिसऑर्डर पण आहे. शॉपिंगला किंवा ट्रेडिंगला डीएसएममध्ये वेगळं निदान म्हणून जागा नाही, पण यादीत नाव नाही म्हणून त्रास खोटा होत नाही, आणि उपचार बऱ्यापैकी त्याच पद्धतीने होतात. उलटंही त्यांनीच सांगितलं, की नुसते तास जास्त जातात म्हणून कोणी व्यसनी होत नाही. दिवसभर चार्ट बघून संध्याकाळी आरामात फोन बाजूला ठेवणारी माणसं असतात. ताबा सुटलाय का, बाकीचं आयुष्य मागे पडलंय का, आणि नुकसान दिसत असून चालूच आहे का, हे बघायचं.

अजून दोन गोष्टी विचारल्या ज्याची मला अपेक्षा नव्हती. एक म्हणजे मी कुठली औषधं घेतो. पार्किन्सनवर किंवा रात्री पाय वळवळतात त्या आजारावर डोपामाइन या मेंदूतल्या रसायनासारखं काम करणारी जी औषधं देतात त्यातल्या काहींनी चांगल्या शहाण्या माणसांना अचानक जुगाराचा नाद लागतो, हे माहीत असलेलं आहे, आणि डॉक्टरांनी डोस कमी केला किंवा औषध बदललं की बऱ्याचदा उतरतो (स्वतःच्या मनाने अशी औषधं सोडायची नसतात, ते वेगळं सांगायला नको). तसंच बायपोलरचा मॅनियाचा, म्हणजे मन भलतंच उसळलेलं असण्याचा, काळ आहे का हेही बघतात, कारण त्यात माणूस पैसे असेच उधळतो आणि त्याचा उपचार वेगळा. दुसरं म्हणजे सरळ विचारलं की मरायचे विचार येतात का. मी गप्प बसलो. त्यांनी घाई केली नाही. मग म्हणालो की येतात, हप्त्याच्या तारखेच्या आसपास. हा प्रश्न त्या प्रत्येकाला विचारतात, कारण या आजारात आत्महत्येचा धोका खरंच जास्त असतो, कर्ज आणि लपवाछपवी दोन्ही एकदम अंगावर येतं. तुमच्या घरात असं कोणी असेल आणि तुम्ही विचारायला घाबरत असाल तर विचारा, विचारल्याने डोक्यात नवीन काही भरत नाही. आणि कोणी हो म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हे का धरून ठेवतं यावर त्यांनी एक अख्खं सेशन घालवलं आणि मला ते फार उपयोगाचं झालं, माझा स्वभाव इंजिनिअरचा आहे, यंत्र कळलं की बरं वाटतं. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचे कबुतरांवरचे प्रयोग होते, दरवेळी दाणा मिळाला तर कबुतर पोट भरलं की थांबतं, पण कितव्या टोचीला मिळेल याचा नेम नसेल तर ते टोचतच राहतं आणि दाणा बंद केला तरी लवकर सोडत नाही. नंतर वोल्फ्राम शुल्त्झ या मेंदूच्या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूत बघितलं की डोपामाइनच्या पेशी बक्षिसाला तितक्या नाही, तर अनपेक्षित बक्षिसाला उसळतात, आणि पुढे पुढे नुसत्या इशाऱ्यालाच उसळायला लागतात. मला बरोबरीत आल्यावर काहीच का वाटलं नाही ते इथे कळलं. मला आकडा नकोच होता, आकडा हलत असताना जे होतं ते हवं होतं. पोझिशन कापली की ते संपतं. शिवाय थोडक्यात हुकणं. भाव माझ्या टार्गेटच्या जरा अलीकडे येऊन फिरला की मी त्याला लॉस धरायचोच नाही, अ‍ॅनालिसिस बरोबर होतं म्हणायचो, आणि थोडक्यात हुकल्याने खेळायची इच्छा वाढते हे तर जुगाऱ्यांच्या बाबतीत तपासून झालेलं आहे.

औषधाचं म्हणाल तर खास या आजाराची अशी गोळी नाही. काहींना नाल्ट्रेक्सोन देतात, जे दारू आणि अफूच्या व्यसनात वापरतात. मला ते दिलं नाही, मला डिप्रेशनचं औषध दिलं कारण ते होतंच, आणि झोप जागेवर आल्यावर निम्मी चिडचिड गेली. बाकी सगळं सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायची बोलण्याची थेरपी, आणि माझ्यासाठी ती म्हणजे वही. तलफ कधी आली, त्याच्या आधी काय झालं, मनात कुठलं वाक्य आलं. माझ्या वहीत एकच वाक्य सारखं यायचं, "एवढा एकच". आणि लक्षात आलं की तलफ बाजाराच्या बातमीने कमी आणि बॉसच्या मेलने जास्त येते.

अ‍ॅप काढल्यावरची गंमत सांगतो. त्याच्या जागी स्क्रीनवर कॅल्क्युलेटर सरकून आला होता. पुढे कितीतरी दिवस माझा अंगठा आपोआप जाऊन कॅल्क्युलेटर उघडायचा, लिफ्टमध्ये, सिग्नलला, जेवताना, आणि मी त्या शून्याकडे बघत बसायचो. मॅडम म्हणाल्या, बंद करू नका, तसेच थांबा आणि अंगात काय होतंय ते बघा. अ‍ॅलन मार्लॅट नावाच्या मानसशास्त्रज्ञाची ही पद्धत, तलफेशी भांडायचं नाही, ती लाटेसारखी वर येते आणि उतरते, तेवढा वेळ तिच्यावर तरंगायचं. मला आधी फालतू वाटलं. पण खरंच घसा कोरडा, पोटऱ्या ताठ, मग कानशिलं गरम, आणि मग हळूहळू काही नाही. उतरते हे अंगाला कळायला वेळ लागतो, कारण तोपर्यंत आपण कधी उतरेपर्यंत थांबलेलोच नसतो.

पैशाची व्यवस्था मात्र मनावर सोडायची नाही, इथे माझं मत एकदम कडक आहे. मनाचा निश्चय वगैरे सकाळी सव्वानऊला बाजार उघडताना कामाला येत नाही, रिकामं खातं येतं. ताई माझ्याहून मोठी, हिशोबाला पक्की. ती वही घेऊन बसली.

"एकूण आकडा सांग. सगळा."

"ताई, ओरडणार नाहीस ना?"

"ओरडून झालंय माझं. आता लिहून घ्यायचंय. आणि अर्धं सांगू नकोस, तू लहानपणापासून अर्धंच सांगतोस."

तरी मी मित्राचे उसने सांगायचे ठेवलेच, ते दोन आठवड्यांनी निघाले, आणि बायकोला मूळ रकमेपेक्षा त्याचा जास्त राग आला. म्हणूनच एकदम सगळं सांगा असं म्हणतात, तुकड्या-तुकड्याने बाहेर आलं की समोरचा प्रत्येक वेळी नव्याने फसतो. ताईचं म्हणणं होतं की ती एफडी मोडून सगळं फेडून टाकते, मोकळा हो. मी तर तयारच होतो! मॅडमनी तिला फोनवर अडवलं. एकदम कर्ज फेडून दिलं की जुगाऱ्याच्या डोक्यात तो मोठा विनच असतो, पाटी कोरी, परत खेळायला मोकळा, आणि शिवाय नववा निकष तोच आहे ना, दुसऱ्यांनी सोडवणं. मग कर्ज माझं मीच फेडायचं, हप्ते पाडून, फक्त पगार जॉइंट खात्यात आणि व्यवहार बायकोच्या हातात. ब्रोकरकडे डेरिव्हेटिव्ह सेगमेंट, म्हणजे ऑप्शनसारखे सौदे करायची सोय, बंद करायचा अर्ज टाकला तर त्यांचा फोन, सर ब्रोकरेज कमी करून देतो. बायकोने घेतला तो फोन. पुढचं लिहीत नाही.

ग्रुपला जायला मी सगळ्यात जास्त टाळाटाळ केली. गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमस, जुगार सोडू बघणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट, १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला, आता बऱ्याच देशांत आहे आणि ऑनलाइन मीटिंग पण असतात. फी नाही, पूर्ण नाव सांगायचं नाही. मला भीती की तिथे पत्तेवाले, सट्टेवाले असणार आणि मी बसून ऑप्शनचे ग्रीक्स (भाव कसा हलेल त्याची मापं) समजावणार, हसतील. तर त्यांच्या छोट्या पिवळ्या पुस्तकात काय काय खेळायचं नाही त्यात शेअर बाजार आणि ऑप्शन हे शब्द छापलेलेच आहेत. माझ्यासारखे आधी येऊन गेलेत म्हणजे. त्यांचे वीस प्रश्न असतात, बहुतेक जुगारी निदान सातांना तरी हो म्हणतात. बोलायची सक्ती नव्हती. एक आजोबा घोड्यांबद्दल बोलले, आणि घोड्याच्या जागी लॉट घातला की माझीच गोष्ट. ज्यांना तिथला देवाचा, उच्च शक्तीचा उल्लेख नको वाटतो त्यांच्यासाठी स्मार्ट रिकव्हरी म्हणून वेगळे गट असतात, त्यांचं काम सीबीटीच्या अंगाने चालतं. आणि घरच्यांसाठी गॅम-अ‍ॅनॉन. बायको तिथे जायला लागली आणि मला म्हणाली की मी तुझ्यासाठी नाही जात, माझ्यासाठी जाते. बरोबर होतं तिचं.

मध्ये घसरलो. पैशाने नाही, पेपर ट्रेडिंगने. खोटे पैसे, खरा चार्ट, म्हटलं यात काय बिघडतंय, कोणाचं नुकसान तर नाही. दोन दिवसांत रात्रीची झोप परत उडाली, बायको आली की स्क्रीन उलटी. खोट्या पैशांसाठी खोटं बोलत होतो! त्यातून पुढचा विचार पण आला, की आता मोडलंच आहे तर खरंच करू थोडं. या विचाराला पण मार्लॅटने नाव दिलेलं आहे, एकदा नियम मोडला की माणूस स्वतःला नालायक ठरवतो आणि मग सगळंच सोडून देतो, आणि खरं नुकसान पहिल्या घसरण्याने कमी आणि त्यानंतरच्या "जाऊ दे आता"ने जास्त होतं. मी ग्रुपमधल्या एकाला फोन लावला, तो म्हणाला अ‍ॅप उडव आणि जेवून घे. एवढंच. तेवढ्याने त्या रात्रीचं निभावलं. त्याच्या आधी ऑनलाइन बुद्धिबळाच्या तीन-तीन मिनिटांच्या डावांवर रात्र काढण्याचा प्रकार पण करून झाला होता, रेटिंग वर-खाली होताना पोटात तेच होतं. जिथे आकडा हलतो तिथे मी सावध, असं आता साधं ठरवलंय.

कोणाकोणाचे मेसेज येतात की आमच्या भावाचं असंच आहे का, नवऱ्याचं असंच आहे का. मी डॉक्टर नाही. पण दोनच प्रश्नांची एक छोटी चाचणी आहे ती सांगतो, जास्त-जास्त पैसे लावावेसे वाटलेत का कधी, आणि जवळच्या माणसांशी किती लावतो याबद्दल खोटं बोलावं लागलंय का. एकाला जरी हो आलं तर दाखवून घ्या. भांडणाच्या मध्यात विचारू नका, आणि लॉसच्या दिवशी तर नकोच, त्या दिवशी माणूस घरात असून घरात नसतो.

सध्या ग्रुपमध्ये एक वाद चालू आहे, नवीन आलेल्या एका मुलाने विचारलं की म्युच्युअल फंड चालतात का, महिन्याला ठराविक रक्कम, हात लावायचा नाही. आजोबा म्हणाले अजिबात नाही, दुसरा म्हणाला मग म्हातारपणी खायचं काय, अर्धा तास त्यातच गेला आणि निकाल काही लागला नाही. मॅडमचं म्हणणं, फंड असायला हरकत नाही, त्याचा आकडा तुम्ही बघायचा की नाही हा प्रश्न आहे. आमच्याकडे फंड बायकोच्या नावाने आहे, लॉगिन तिचं, कशात आहे आणि किती आहे मला माहीत नाही, टॅक्सच्या वेळी कागद लागले तर तीच काढते. मी अजून तरी विचारलेलं नाही.